दुखतंय का, हे दुसऱ्यांदा विचारणं

एम.एस्सी. नर्सिंगचे जुने प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी चाळले, तर वर्ष आणि विद्यार्थिनीचं नाव तेवढं बदललेलं दिसतं. शीर्षक बहुधा एकाच साच्यातलं: अमुक विषयावरच्या नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता, निवडक रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या ज्ञानासंदर्भात. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग फ्लिपचार्ट लावून पाऊण तास शिकवायचं, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा वाटायची. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं आपणच सांगितलेली असतात. मग सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट लावून ‘फरक लक्षणीय आहे’ असं लिहायचं आणि रेक्झिनमध्ये बांधून घ्यायचं.

माझाही बेत साधारण तसाच होता. मी सरकारी रुग्णालयातली अधिपरिचारिका, बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेली, प्रतिनियुक्तीवर शिकायला आलेली. पदवी घ्यायची आणि परत ड्युटीवर रुजू व्हायचं. विषय लिहून नेला होता: शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेबद्दल परिचारिकांचं ज्ञान. गाइड मॅडमनी कागद वाचला आणि माझ्याकडेच सरकवला. ‘‘ऑपरेशननंतर दुखतं हे माहीत नसलेली एक सिस्टर मला आणून दाखव. माहीत काय आहे ते कशाला मोजतेस? वॉर्डात होतं काय, ते बघ.’’

बघायचं म्हणजे आधी जुने केसपेपर काढायचे. रेकॉर्ड रूमची परवानगी मिळाली, धूळ खात बसले. पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचे कागद: हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भपिशवी. तापमान, नाडी, रक्तदाब सगळं वेळच्या वेळी लिहिलेलं. श्वसनाचा आकडा मात्र जिथे बघावं तिथे १८ किंवा २०. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. श्वास मोजायला पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं आणि ते मिनिट कुणाकडे नसतं. वेदनेसाठी तर रकानाच नव्हता. नर्सेस नोट्समध्ये तेवढी एक ओळ प्रत्येक पाळीत, प्रत्येक पेशंटला सारखीच: ‘पेशंट कम्फर्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स.’ त्याच पानावर, त्याच पाळीत, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिल्याची वेळ आणि सही. कम्फर्टेबल बाईला इंजेक्शन का दिलं, आणि दिल्यावर तिचं दुखणं कमी झालं का, याचा पत्ता त्या कागदावरून लागत नाही.

मला जे शोधायचं होतं ते इथे सापडलं. वेदनाशामक दिल्याची नोंद असते, कारण औषधाचा हिशेब लागतो. गुण आला का याची नोंद नसते, कारण ते कुणी मागत नाही. भूल देणारे डॉक्टर सांगतात की शिरेतून दिलेल्या औषधानंतर साधारण अर्ध्या तासाने आणि गोळीनंतर तासाभराने परत जाऊन विचारावं. हे आम्हाला बी.एस्सी.लाच शिकवलेलं होतं. माहिती होती, पण कागदावर तिचा मागमूस नव्हता. प्रबंधाचा विषय मग असा ठरला: वेदनेची नोंद आणि औषधानंतरची फेरतपासणी, आणि तिचा रुग्णाच्या सुरक्षिततेशी संबंध.

साहित्याचा आढावा लिहिताना एक नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं, मार्गो मॅकॅफरी. अमेरिकेतल्या नर्स. १९६८ साली त्यांनी मांडलं की वेदना म्हणजे ती भोगणारा माणूस जी सांगतो ती, आणि तो ती आहे म्हणतो तेव्हा ती असते. आज हे साधं वाटतं, पण त्या काळी ‘एवढं दुखायला नको’ हे ठरवण्याचा हक्क डॉक्टर-नर्सचा मानला जाई. (अजूनही रात्री अडीच वाजता तो हक्क आम्ही बजावतोच.) वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत माणसाच्या सांगण्याचा मान राखावा हे स्पष्ट लिहिलं. शिवाय हेही लिहिलं की जो बोलू शकत नाही त्यालाही वेदना असू शकते. आमच्या वॉर्डातल्या बायका बोलू शकत होत्या. त्या बोलत का नाहीत, हा माझा प्रश्न होता.

सारांश लिहून विभागाच्या समितीतून पुढे सरकला आणि नैतिकता समितीकडे गेला. तिथे मी औपचारिकता समजून गेले होते आणि घाम पुसत बाहेर आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, कायदा जाणणारा एक सदस्य लागतो, आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिकही लागतो. डॉक्टर सदस्यांनी नमुना संख्या आणि निकष विचारले, ती उत्तरं पाठ होती. मग सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘पोट कापलेली बाई कण्हत असताना तुम्ही तिच्याकडून संमतीची सही घेणार का? ती कशालाही हो म्हणेल.’’ संमती आदल्या दिवशी, ऑपरेशनपूर्वी घ्यायची असं तिथेच ठरलं. अंगठा देणाऱ्या बाईसाठी वॉर्डाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, हेही.

पण त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा होता. ‘‘एखादीने दहापैकी आठ सांगितलं तर तुम्ही काय करणार? लिहून घेऊन पुढच्या खाटेकडे?’’

पहिल्या टप्प्यात मला फक्त निरीक्षण करायचं होतं. नेहमी जे होतं ते, हात न लावता. पण नोंदणीकृत परिचारिका हातात कागद घेऊन आठ हा आकडा लिहिते आणि निघून जाते, हे चालणार नव्हतं. सात किंवा वर आकडा आला तर ड्युटीवरच्या सिस्टरला लगेच सांगायचं, अशी अट घातली गेली. मी गाइड मॅडमना म्हटलं, ‘‘मग पहिल्या टप्प्यातली परिस्थिती नेहमीपेक्षा बरी दिसेल, फरक कमी येईल.’’ त्या म्हणाल्या, ‘‘येऊ दे कमी.’’ विषय संपला.

साधन म्हणून शून्य ते दहाची अंकमापनी घेतली, सोबत चेहऱ्यांची पट्टी. मराठी रूपांतर, मग दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजी, तज्ज्ञांकडून तपासणी, हे सगळं रीतसर झालं. दुसऱ्या एका वॉर्डात छोटी पूर्वचाचणी केली तेव्हा पट्टीची परीक्षा झाली. शाळा शिकलेल्या मुलींना अंक सहज जमले. पण साठीच्या पुढची एखादी आजी ‘दहापैकी किती?’ म्हटल्यावर माझ्याकडे नुसती बघत राहायची. चेहऱ्यांची पट्टी दाखवली की हसरं तोंड निवडायची, ते चांगलं दिसतं म्हणून. शेवटी एका आजींनीच वाट दाखवली. ‘‘बारा आणे दुखतंय,’’ त्या म्हणाल्या. रुपयात किती? हे सगळ्यांना कळतं. ‘आठ आणे फरक आहे’ असं ओपीडीत आपण रोज ऐकतो. चलनातून आणे जाऊन साठ वर्षं होऊन गेली, पण दुखणं अजून त्यातच मोजलं जातं. आण्यांची मापनी कुठे प्रमाणित झालेली माझ्या वाचनात आली नव्हती, त्यामुळे विश्लेषणात अंकच घेतले. आणे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, आणि बोलणं सुरू करायला तेच वापरले. रुपयावरून दहावर आणणं मग सोपं जायचं.

दुसरा बदल मॅडमनी सुचवला आणि पुढे तोच सगळ्यात मोलाचा ठरला: आकडा दोनदा विचारायचा. एकदा स्वस्थ पडलेलं असताना आणि एकदा खोकायला सांगून.

कारण स्वस्थ पडलेली बाई फसवते. हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही, खोकला आला तर गिळायचा, अशी ती पडून असते. विचारलं तर दोन सांगते. खोकायला लावलं तर तोंड वाकडं करून सात. आणि खरी भीती त्या सातचीच आहे. दुखतं म्हणून खोकत नाही, म्हणून कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, ताप येतो, न्यूमोनिया होतो. दुखतं म्हणून खाटेवरून उतरत नाही, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. वेदनाशमन हे दयाबुद्धीचं काम आहे असा एक समज आमच्यातही आहे: औषधं, ड्रेसिंग, सलाईन ही खरी कामं आणि वेळ उरला तर दुखतंय का विचारणं. खोकताना आलेला आकडा बघितला की तो समज टिकत नाही. टाक्यांवर उशी किंवा घडी केलेली चादर घट्ट धरून खोकायला शिकवलं तर औषधाशिवायही हा आकडा खाली येतो. हे शिकवायला दोन मिनिटं लागतात आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकवावं लागतं. नंतर बाई ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते.

प्रत्यक्ष निरीक्षण सुरू झालं आणि वॉर्ड मला नव्याने दिसायला लागला. ड्युटीवर असताना आपण कामांच्या मागे असतो, एका जागी उभं राहून चार तास बघत नाही. पहिली गोष्ट दिसली ती दुपारची. सकाळी नऊ-दहाला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गेलेली बाई बाराच्या आसपास परत येते. कमरेत भूल दिलेली, पाय बधिर, चेहरा शांत. नातेवाईक खूश, आम्हीही खूश. भुलीचा असर दोन ते चार तासांत उतरायला लागतो, म्हणजे बरोबर दीड-दोन वाजता. दोन वाजता आमची पाळी बदलते. सकाळच्या सिस्टर ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, देत असतात, दुपारच्या घेत असतात, खाटा मोजल्या जातात, रजिस्टरं पुढे-मागे होतात. वॉर्डातल्या बायकांचं पहिलं खरं दुखणं नेमकं त्या अर्ध्या-पाऊण तासात उसळतं, आणि ‘आता नवीन सिस्टर येतील त्यांना सांगा’ या एका वाक्यात ते पुढच्या पाळीकडे ढकललं जातं. यात कुणाचा आळस नव्हता. ओटीचं वेळापत्रक एकाने ठरवलं, ड्युटीचं दुसऱ्याने, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘एसओएस’. डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये वेदनाशामकापुढे हे लिहिलेलं असतं, म्हणजे लागलं तर द्या. लागलं हे कोण ठरवणार? पेशंटने मागितलं तर लागलं. आणि आमच्या बायका मागत नाहीत. न मागण्याची कारणं मी शेऱ्यात लिहीत गेले, त्यांची एक वेगळी वहीच झाली. तीन बाळंतपणं झाली, हे काय मोठं. सिस्टर ओरडतील. इंजेक्शनने टाके सुकत नाहीत. जास्त औषधं घेतली की किडनी जाते. दुखतंय म्हटलं तर डॉक्टर सुट्टी देणार नाहीत आणि घरी म्हशी आहेत. एकदा सासूला मी विचारत होते आणि उत्तर सून देत होती, ‘‘नाही दुखत त्यांना, झोपल्यात चांगल्या.’’ सासूचे डोळे उघडे होते. उलट एखादी दहाच्या खाली यायलाच तयार नसे, कारण तिच्या अनुभवाप्रमाणे त्याहून कमी सांगितलं तर कुणी येत नाही. तिला खोटारडी म्हणायचं कारण नाही, तिने आमची पद्धत ओळखलेली होती.

म्हणजे ‘एसओएस’ हा शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतो, आणि वॉर्डात त्याचा अर्थ होतो की जी धीट आहे तिला औषध. ओळखीची आहे तिला, जिचा नवरा काउंटरवर येऊन आवाज चढवतो तिला. बाकीच्या सोसतात आणि त्यांच्या कागदावर ‘कम्फर्टेबल’ लागतं.

तिसरी गोष्ट शोधायला मी गेलेच नव्हते. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची शंभर मिलिलीटरची बाटली येते, त्यात १ ग्रॅम औषध. ती पंधरा मिनिटांत द्यायची. सगळ्यांना अख्खी बाटली, हाच रिवाज. पण ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला दर किलोला १५ मिलिग्रॅम असा हिशेब आहे. चाळीस किलोच्या बाईला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे बाटली अर्ध्याहून थोडी जास्त. आमच्या वॉर्डात चाळीसच्या आसपासच्या बायका काही अपवाद नाहीत. किती केसपेपरवर वजन लिहिलंय ते बघायला गेले, तर बऱ्याच ठिकाणी ती जागा रिकामी. वजनकाटा ओपीडीत होता. त्यातच दुसऱ्या दिवशी तोंडाने गोळ्या सुरू होतात तेव्हा डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची किंवा ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची जोडगोळी लिहिली जाते आणि बाटलीची जुनी ऑर्डर खोडायची राहून जाते. एकच औषध दोन नावांनी, दोन वाटांनी पोटात. चांगल्या वजनाच्या प्रौढ माणसाची दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम आहे, बारीक बाईची त्याहून बरीच कमी, आणि यकृताला इजा झाली तर ती लगेच दिसत नाही. दुखणं कमी करण्याच्या अभ्यासात मला औषध कमी करण्याची जागा सापडली.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी मला अमेरिकेचा धडा वाचायला लावला. १९९० च्या दशकात तिथे वेदनेला ‘पाचवं जीवनचिन्ह’ म्हणायची चळवळ झाली. नाडी, ताप, श्वसन, रक्तदाब आणि वेदना. हेतू चांगलाच होता. पण आकडा खाली आणणं हेच ध्येय झालं आणि त्यासाठी अफूजन्य औषधांचा हात सैल सुटला. त्यामागे औषध कंपन्यांचा बाजार होता, इतरही बरंच होतं. व्यसनाची आणि मृत्यूंची लाट आल्यावर २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘पाचवं जीवनचिन्ह’ ही कल्पना सोडून द्यावी असा ठराव केला. आपल्याकडे दुखणं वेगळं आहे. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते, ती परदेशीही जाते, आणि त्याच देशातल्या कर्करोगाच्या पेशंटला मॉर्फिन मिळता मिळत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी रांग लावली की बऱ्याच रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने ती रांग कमी केली, तरी भीती गेलेली नाही. आमच्या वॉर्डात अफूच्या औषधांसारखंच काम करणारं जे थोडं ट्रामाडॉल वापरलं जाई त्यालाही सिस्टर बिचकत. बिचकणं वाईट नव्हे, पण नेमकं कशाला बिचकायचं ते माहीत हवं. श्वास मंदावण्याआधी बहुतेक वेळा माणूस गुंगायला लागतो. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून डोळे मिटले तर पुढचा डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं, मग तिने दुखण्याचा आकडा कितीही सांगितलेला असो. म्हणून माझ्या तक्त्यात वेदनेच्या शेजारी गुंगीचा रकाना आला, आणि त्याच्या शेजारी खरा मोजलेला श्वास. हे तिन्ही एकत्र न बघता नुसता वेदनेचा आकडा लिहायला लावणं मला आज धोक्याचं वाटतं.

दुसऱ्या टप्प्यात तक्ता वॉर्डात आणायचा होता. इनचार्ज सिस्टरनी तो हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाल्या, ‘‘अजून एक कागद. किती रजिस्टरं भरतो आम्ही, मोजलीस का?’’ त्यांचं बरोबर होतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे रात्री एक सिस्टर आणि एक मावशी, आणि खाटांच्या मधल्या जागेत गादीवर झोपलेले पेशंट धरून वॉर्ड भरलेला. अशा सिस्टरला ‘अर्ध्या तासाने परत जा’ असं सांगणारी मी, प्रतिनियुक्तीवरची, संध्याकाळी घरी जाणारी.

तोडगा इनचार्ज सिस्टरनीच काढला, माझ्या प्रबंधात तो ‘हस्तक्षेप’ म्हणून दिमाखात बसलाय. वेगळा कागद नाही, ताप-नाडी-श्वसनाच्या टीपीआर चार्टवरच चार रकाने आखायचे: स्वस्थ असताना, खोकताना, गुंगी, आणि ‘परत विचारलं’ची वेळ. आणि परत जाण्यासाठी वेगळी फेरी नाही. पॅरासिटामॉलची बाटली संपली की सिस्टरला ती काढायला जावंच लागतं, सलाईन बदलायला, लघवीची पिशवी मोजायला जावंच लागतं. त्याच वेळी विचारायचं. दुपारच्या ओव्हरसाठी त्यांनी आणखी एक केलं. सकाळच्या सिस्टरने ओटीतून आलेल्या बायकांना भूल उतरण्याआधीच, एक-सव्वाच्या सुमारास ठरलेलं औषध द्यायचं आणि मगच ओव्हरला बसायचं. त्यासाठी ऑर्डर ‘एसओएस’ असून चालत नव्हती. मग त्या स्वतः रेसिडेंट डॉक्टरांकडे गेल्या. पहिल्या चोवीस तासांसाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे ठरलेल्या वेळी, त्याशिवायचं जादा वेदनाशामक लागेल तसं, आणि गोळ्या सुरू झाल्या की बाटलीची ऑर्डर बंद, असा नमुना दोघांनी मिळून लिहिला. एका प्रौढ विद्यार्थिनीपेक्षा इनचार्ज सिस्टरचा शब्द रेसिडेंट लवकर ऐकतात, हे संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नसतं. वजनकाटा ओपीडीतून वॉर्डात यायला मात्र अधिसेविकांची सही, इंडेंट आणि बरीच वाट बघावी लागली.

सिस्टर लोकांना शिकवण्यासाठी मी तो पाऊण तासाचा वर्ग घेतला नाही. ओव्हरच्या वेळी दोन-दोन खाटांजवळ उभं राहून आकडे विचारून दाखवले. दोघींनी एकाच बाईला वेगवेगळं विचारायचं आणि आकडे जुळतात का बघायचं, हा खेळ त्यांना आवडला. एक ब्रदर नवीन रुजू झाला होता. बायकांना खोकायला सांगताना तो इतका संकोचायचा की आधी स्वतःच खोकून दाखवायचा. त्याच्या पाळीत सगळ्यात पूर्ण तक्ते भरलेले निघाले.

विश्लेषणाला संख्याशास्त्राच्या सरांकडे गेले तर त्यांनी पहिल्यांदा टी-टेस्टच काढून घेतली. आठवरून सहा आणि चारवरून दोन हे कागदावर सारखे दिसतात, बाईला सारखे वाटतीलच असं नाही, असं ते म्हणाले. अशा आकड्यांची सरासरी काढू नये. मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या, आणि दोन्ही टप्प्यांतले पेशंट वेगळे आहेत तर मॅन-व्हिटनी चाचणी लावा. परत विचारलं किंवा नाही विचारलं याला काय-स्क्वेअर चाचणी. एका दुपारीत त्यांनी मला जे समजावलं ते दोन सेमिनारांत समजलं नव्हतं.

निष्कर्षाची टक्केवारी इथे देत नाही. एका वॉर्डातला, छोट्या नमुन्याचा, आधी-नंतर पद्धतीचा अभ्यास तो. त्यातला आकडा उचलून कुणी भाषणात वापरावा एवढा तो भक्कम नाही. दिशा सांगते. स्वस्थ असतानाच्या वेदनेत फारसा फरक पडला नाही, ती आधीही कमीच सांगितली जात होती. खोकतानाची वेदना उतरली. परत विचारण्याचं प्रमाण सकाळ-दुपारच्या पाळीत चांगलं वाढलं, रात्री जेमतेम. श्वसनाच्या रकान्यात १४, २२, २४ असे आकडे दिसायला लागले, ज्याचा मला सगळ्यांत जास्त आनंद झाला आणि परीक्षकांना अजिबात झाला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकी जागा धरली. ‘‘तुम्ही वॉर्डात उभ्या होतात म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही गेल्यावर?’’ आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात, याला संशोधनात हॉथॉर्न परिणाम म्हणतात. हा प्रश्न येणार हे मॅडमना माहीत होतं, म्हणून त्यांनी मला निरीक्षण संपल्यावर काही काळाने परत रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं होतं. तिथे दिसलं ते मी तसंच सांगितलं. ‘परत विचारलं’चा रकाना हळूहळू रिकामा व्हायला लागला होता. जिथे ऑर्डर ‘एसओएस’ऐवजी ठरलेल्या वेळेची झाली होती, तिथे औषध वेळेवर पडत होतं, मी असो वा नसो, सिस्टर एक असो वा तीन. परीक्षकांनी विचारलं, मग तुमचा हस्तक्षेप यशस्वी की अयशस्वी? मी म्हटलं, सिस्टरच्या लक्षात राहण्यावर जेवढं सोपवलं होतं तेवढं टिकलं नाही, जे ऑर्डरमध्ये लिहून घेतलं ते टिकलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न तक्ता क्रमांकाबद्दल विचारला.

आता मी परत ड्युटीवर आहे, त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. अभ्यास केला त्या वॉर्डात चार रकाने अजून आखले जातात, रात्रीचे बहुधा कोरे असतात. रेसिडेंट दर काही महिन्यांनी बदलतात आणि नव्या तुकडीबरोबर ‘एसओएस’ परत येतं. इनचार्ज सिस्टरनी त्या ऑर्डरच्या नमुन्याच्या झेरॉक्स काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. नवीन डॉक्टर पहिल्या राउंडला आले की चहा द्यायच्या आधी त्यांच्या हातात एक देतात, आणि वजनकाटा कुठल्या कोपऱ्यात आहे तेही दाखवतात.